५५ टक्क्यांवरून ३४ : भांडुपमधल्या एका जोडप्याचं प्रकरण

ऑक्टोबर २०२५ मध्ये या घरात महिन्याचे आठ हजार रुपये जमत होते. वहिनींच्या पोळी-भाजीच्या कामाचे चार हजार, दादांच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अडीच हजार आणि लाडकी बहीण योजनेतून वहिनींच्या खात्यात येणारे दीड हजार. भांडुपच्या टेकडीवर खोली स्वतःची, त्यामुळे भाडं नाही. एकुलत्या मुलीचं लग्न झालंय. ती खेडला असते, सणावाराला काही धाडते, पण तिच्यावर हिशेब मांडता येत नाही.

दादांचे अडीच हजार तसे ताजेच. जुलै २०२३ पर्यंत या योजनेत हजार रुपये मिळायचे, मग दीड हजार झाले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते अडीच हजार झाले. वस्तीत सगळे याला ‘पगार’ म्हणतात, ‘संजय गांधीचा पगार’. दादांच्या हातात वाढलेला पगार एकदाच पडला. नंतर बँकेचा मेसेज आला नाही. वहिनी पासबुक भरून आल्या, तरी नवी एंट्री नव्हती.

ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही बारीकसारीक तपशील इथे बदलले आहेत. पैशांचे आकडे आणि नियम आहेत तसेच ठेवले आहेत, कारण हे प्रकरण लिहायचं कारणच ते आहेत.

मुदत संपणं वेगळं, टक्के घसरणं वेगळं

दादा छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचे. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. लॉकडाऊनमुळे प्रमाणपत्राचं काम लांबलं. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये ५५ टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं. त्यावर ‘तात्पुरते’ असं लिहिलेलं होतं आणि पाच वर्षांची मुदत होती. डॉक्टरांना सुधारणेची शक्यता वाटली की ते अशी मुदत घालतात, आणि पक्षाघातात ती वाटणं योग्यच आहे. त्या प्रमाणपत्रावर पिवळं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, निघालं. चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीला पिवळं आणि त्यावर निळं, अशी ही रंगांची व्यवस्था आहे. बहुतेक लोक कार्डाचा रंग बघतात. मुदतीची तारीख बारीक अक्षरात असते, ती कोणी वाचत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत संपली आणि पगार थांबला. इथपर्यंतचं दुखणं किरकोळ होतं. नूतनीकरणाचा अर्ज करायचा, तपासणी करून घ्यायची, नवा कागद तहसील कार्यालयात द्यायचा, एवढंच. असे थांबलेले पगार पुन्हा सुरू होतात. पण तपासणीनंतर नव्या कागदावर आकडा आला ३४, आणि कार्ड पांढरं झालं.

यात कोणी लबाडी केली नव्हती. दादांचा हात खरोखर सुधारला होता. वहिनी रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. दोरीवर कपडे घालायला लावायच्या, जिन्याच्या चार पायऱ्या काठीशिवाय उतरायला लावायच्या. पाच वर्षांच्या त्या मेहनतीने टक्के खाली आले. बाइंडिंगच्या कामावर परतण्याइतका हात मात्र सुधारला नव्हता. टक्के शरीराचे मोजले जातात, कमाईचे नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये चाळीस टक्क्यांची रेघ आखलेली आहे. बहुतेक सवलती तिच्या वरच्या बाजूला आहेत. ३४ आणि ३९ मध्ये सरकारच्या लेखी काहीच फरक नाही, ३९ आणि ४० मध्ये मात्र अख्ख्या घराचा फरक आहे.

घरात काय राहिलं, काय गेलं

वहिनी आमच्या मदत केंद्रात आल्या तेव्हा पगारापेक्षा त्यांना दुसरीच धास्ती होती. “ताई, त्यांचं बंद झालं म्हणजे आता माझंही बंद होणार का? केवायसीला यांचा आधार मागितला होता.” सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पोर्टलवर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही भरावा लागत होता. त्यावरून वस्तीत दोन अफवा उठल्या. एक, की एका घरात दोन लाभ चालत नाहीत. दुसरी तिच्या अगदी उलट, की नवऱ्याचा बंद झाला की बायकोचाही आपोआप बंद होतो.

दोन्ही अफवा खोट्या. लाडकी बहीणमध्ये बघितलं जातं ते त्या बाईला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना दीड हजार किंवा त्याहून जास्त मिळतात का हे. नवऱ्याचा पगार तिच्या नावावर धरला जात नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं पाहिजे, आणि या घराचं ते कितीतरी खाली होतं. दादांचा पगार चालू असतानाही वहिनींचे दीड हजार योग्यच होते आणि बंद झाल्यावरही योग्यच आहेत.

उलटं असतं, म्हणजे दिव्यांग वहिनी असत्या, तर चित्र फारच वेगळं असतं. निराधार योजनेचे पैसे घेणारी बाई लाडकी बहीणमध्ये बसतच नाही. तिचं दिव्यांगत्व चाळीसच्या खाली गेलं की निराधारचा पगार जातो. कागदावर ती लाडकी बहीणला पात्र होते खरी, पण त्या योजनेत अर्ज भरायची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्येच संपली. एक दार बंद झालं आणि दुसरं आधीच बंद होतं, अशी तिची गत होते. या बाबतीत दादा-वहिनींचं नशीब बरं म्हणायचं.

रेशनवरही लगेच काही परिणाम झाला नाही. त्यांचं केशरी कार्ड प्राधान्य कुटुंबाच्या शिक्क्याचं आहे. माणशी पाच किलो, म्हणजे दोघांना दहा किलो धान्य मिळतं आणि तेही मोफत. हा शिक्का उत्पन्नावर मिळतो, शहरात त्यासाठी वर्षाला ५९ हजारांची मर्यादा आहे, आणि दिव्यांगत्वाशी त्याचा संबंध नाही. ज्यांचं कार्ड अंत्योदयचं आहे आणि ते दिव्यांग कुटुंब म्हणून मिळालं आहे, त्यांनी जास्त सावध राहावं. अंत्योदयला घरामागे ३५ किलो मिळतात. दोन माणसांचं घर तिथून प्राधान्यात आलं तर थेट दहा किलोवर येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवचही तसंच राहिलं, कारण आता ते राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना आहे.

प्रवासात मात्र लगेच चटका बसला. बेस्टचा दिव्यांग पास गेला. एसटीत दादांना ७५ टक्के सवलत होती आणि वहिनींना मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना मिळते ती अर्ध्या तिकिटाची. गावी जाताना दोघांचं मिळून पाऊण तिकीट लागायचं, आता दीड लागतं. म्हणजे वहिनींच्या सवलतीला कोणी हात लावलेला नसताना जोडप्याचा खर्च दुप्पट झाला.

रेल्वेचं थोडं निराळं आहे आणि लोक इथे हमखास गोंधळतात. हात-पायाच्या दिव्यांगत्वात रेल्वे टक्क्यांवर सवलत देत नाही. ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ असं डॉक्टरांनी रेल्वेच्या नमुन्यात लिहून द्यावं लागतं आणि त्यावर रेल्वेचं स्वतःचं कार्ड निघतं. त्याची मुदतही वेगळी असते. सोबत्याला तेवढीच सवलत मिळते, पण ती दिव्यांग व्यक्तीच्या कार्डावर लटकलेली असते. दादांच्या रेल्वे कार्डाची मुदतही त्याच सुमारास संपली होती. त्यामुळे लोकलच्या दिव्यांग डब्यात चढायचा दोघांचाही हक्क एकदमच गेला. मुदत संपलेलं कार्ड दाखवून त्या डब्यात बसू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दंड झाला तर दोघांनाही होईल.

मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं अर्थसाहाय्यही पिवळ्या किंवा निळ्या कार्डावरच मिळतं. पिवळ्याला कमी, निळ्याला जास्त, आणि पांढऱ्याला काहीच नाही.

त्याच योजनेतलं दुसरं दार

निराधार योजना फक्त दिव्यांगांसाठी आहे असा समज पक्का झालाय. प्रत्यक्षात तिच्यात विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, आणि दुर्धर आजारामुळे पोट भरू न शकणारे स्त्री-पुरुषही आहेत. त्या आजारांच्या यादीत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांच्यासोबत पक्षाघातही आहे. दादांना तर पक्षाघातच झाला होता. मग टक्क्यांच्या मागे न लागता आजाराच्या नावाने अर्ज का करू नये?

आम्ही तो विचार करून पाहिला. अडचण उत्पन्नाच्या अटीत होती. दिव्यांग म्हणून अर्ज केला तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत चालतं. इतर सगळ्यांसाठी मर्यादा २१ हजारांची आहे आणि रक्कमही दीड हजारच. वहिनींची कमाई वर्षाला ४८ हजार होती. दिव्यांग असेपर्यंत दादा गरीब होते. टक्के घसरल्यावर, एक रुपयाही न वाढता, ते गरीब राहिले नाहीत.

कार्यालयाबाहेरच्या एका एजंटने वहिनींना सुचवलंही, “एकवीसचा दाखला काढून देतो, काम होऊन जाईल.” मी नको म्हटलं. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न कागदांचा आहे. उत्पन्नाचा तोच दाखला उद्या रेशनला लागेल, परवा एखाद्या नातवाच्या शाळेला लागेल. एका घराचे दोन वेगवेगळे आकडे आता एकमेकांना भेटतात, कारण सगळं आधारला जोडलेलं आहे. एक दाखला खोटा निघाला तर जे चालू आहे तेही अडचणीत येतं.

एकाच स्वयंपाकघराकडे राज्य किती मापांनी बघतं ते इथे दिसलं. निराधार म्हणून २१ हजार, दिव्यांग निराधार म्हणून ५० हजार, रेशनसाठी ५९ हजार आणि लाडकी बहीण म्हणून अडीच लाख. बायकोला मदत द्यायची तर वीस हजार महिना कमावणारं घर गरजू ठरतं. तिच्या दिव्यांग नवऱ्याला मदत द्यायची तर चार हजार दोनशे महिना आला की ते घर सुस्थितीत धरलं जातं. मुंबईत चार हजार दोनशेत गॅस, वीज आणि औषधं तरी भागतात का हे विचारायलाही कोणाला सवड नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते, ३४ हा आकडा नव्हे.

वहिनींनी दुसरं घर धरलं

पगार थांबला तसं औषधांचं गणित बिघडलं. दादांचे अडीच हजार रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, वीजबिल आणि बचत गटाचा हप्ता यांत जात. वहिनींच्या कमाईतून किराणा चालत असे. लाडक्या बहिणीचे पैसे शक्यतो शिल्लक टाकायचे, असं ठरलेलं होतं. बचत गटाचं कर्जही दादांच्या पगाराच्या भरवशावर घेतलेलं. हप्ता चुकला तर गटातल्या बायकांपुढे मान खाली जाते. म्हणून जानेवारी २०२६ पासून वहिनींनी स्वयंपाकासाठी आणखी एक घर धरलं. साडेतीन हजार रुपये. दुपारचा वेळ तिकडे जाऊ लागला आणि दादा तेवढा वेळ एकटे राहू लागले.

कोणीही हेच केलं असतं. पण आर्थिक वर्षाच्या हिशेबात हे काम कुठे जाऊन बसतं ते बघा. एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने चार हजारांप्रमाणे ३६ हजार. जानेवारी ते मार्च तीन महिने साडेसात हजारांप्रमाणे साडेबावीस हजार. एकूण ५८,५००. रेशनच्या मर्यादेला पाचशे रुपये कमी आणि दिव्यांगाच्या मर्यादेला साडेआठ हजार जास्त.

म्हणजे लाभ गेल्यामुळे आलेली तूट बायकोने भरून काढली आणि त्या भरून काढण्यानेच लाभ परत मिळवायच्या वाटेत अडथळा उभा केला. पुढचं पूर्ण वर्ष दोन्ही घरं चालू ठेवली तर ९० हजार होतात. मग पगार तर नाहीच, रेशनचा शिक्काही धोक्यात येतो. हे सांगताना मला वहिनींकडे बघवत नव्हतं. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, “मग मी काय करायचं होतं?” याला उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही.

ब्रिटनमध्ये अशा घराचं काय होतं हे मध्यंतरी वाचनात आलं. तिथे आजारी नवऱ्याला ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’मधला रोजच्या जगण्यासाठीचा भाग मिळत असेल आणि बायको आठवड्याला किमान ३५ तास त्याची देखभाल करत असेल, तर तिला स्वतःचा ‘केअरर्स अलाउन्स’ मिळू शकतो. नवऱ्याचा लाभ गेला की तिचाही जातो. ते धागे नियमातच विणलेले आहेत, त्यामुळे काय तुटणार हे आधी कळतं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. दादा त्या गटात कधीच नव्हते. वहिनींचा पाच वर्षांचा सकाळचा व्यायाम कुठल्याही रकान्यात नाही. आपल्याकडे नवरा-बायकोचे लाभ एकमेकांना बांधलेले आहेत ते उत्पन्नाच्या दाखल्याने, आणि तो धागा ओढला जाईपर्यंत दिसत नाही.

कोणी बोललंच नव्हतं

प्रकरणाला वळण मिळालं ते दादांशी गप्पा मारताना. खरं तर गप्पा होत नाहीत. दादांना प्रश्न विचारला की उत्तर वहिनी देतात. इतक्या सहजतेने, की समोरच्याला खटकतही नाही. मी वहिनींना बाहेर चहा आणायला पाठवलं आणि दादांना विचारलं, तुम्ही कुठे काम करायचात? ते बराच वेळ थांबले. मग “ते… कागद… ते” एवढंच आलं. पाणी हवंय का विचारल्यावर “चहा” म्हणाले आणि हात मात्र पाण्याच्या तांब्याकडे केला. समजत सगळं होतं. शब्द हाताला लागत नव्हता.

हा वाचाघात. पक्षाघातात मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवी बाजू आणि भाषा दोन्ही जाऊ शकतात. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये वाणी आणि भाषेचं दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव स्पष्ट आहे. २०२० च्या प्रमाणपत्रात ते नव्हतं, कारण तेव्हा हात-पायच इतके गेलेले होते की त्यावरच ५५ भरले. नव्या तपासणीतही ते आलं नाही. वहिनींना विचारलं की डॉक्टर दादांशी काय बोलले. “नाव विचारलं, ते यांनी सांगितलं. बाकीचं मी सांगितलं ना.” पंचवीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याचं वाक्य पूर्ण करते, यात वावगं काय? पण तपासणीच्या खोलीत त्यामुळे दादांचं अर्धं दिव्यांगत्व झाकलं गेलं.

दोन दिव्यांगत्वं असली की त्यांची नुसती बेरीज होत नाही. मोठा टक्का आधी घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला छोट्या टक्क्याने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि येईल ते मोठ्यात मिळवायचं. वाणीला २० टक्के धरले तर? नव्वदातून ३४ गेले, राहिले ५६. छप्पन गुणिले वीस, भागिले नव्वद, म्हणजे साधारण साडेबारा. ३४ मध्ये मिळवले की ४६. रेघ ओलांडली जात होती. वाणीचे बारा टक्के मिळाले असते तरी एकूण ४१ झाले असते.

कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं, पण नुसतं ‘टक्के कमी दिले’ म्हणून केलेल्या अपिलात फारसा दम नसतो. हात-पायाचे ३४ बरोबरच होते, त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. म्हणून अर्जात हात-पायाच्या टक्क्यांबद्दल तक्रारच केली नाही. वाणी आणि भाषेची तपासणी झालेली नाही, ती व्हावी आणि दोन्हींचं एकत्रित प्रमाणपत्र मिळावं, एवढीच मागणी केली. सोबत २०१९ चं डिस्चार्ज कार्ड जोडलं. त्यात झटक्याच्या वेळी बोलणं गेल्याची नोंद होती आणि ती इतकी वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती. भाषेची चाचणी वाक्-उपचारतज्ज्ञाकडून करून घेतली. मुंबईत यासाठी मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांचे कान-नाक-घसा विभाग आहेत, आणि वांद्र्याला वाणी व श्रवण दिव्यांगत्वाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वहिनींना फक्त एक सांगितलं, तपासणी चालू असताना तोंड उघडायचं नाही. त्यांनी ते पाळलं, पण बाहेर आल्यावर म्हणाल्या की बाळंतपणातही इतका त्रास झाला नव्हता.

चाचणीत चित्रं दाखवून नावं विचारतात, सांगितलेलं वाक्य परत म्हणायला लावतात, सूचना देऊन कृती करायला सांगतात. दादांनी कृती सगळ्या बरोबर केल्या. नावं मात्र निम्मीअधिक अडली. कंगव्याला “डोकं” म्हणाले, किल्लीला काहीच म्हणाले नाहीत, नुसती हवेत फिरवून दाखवली. वाणीचे वीस टक्के मिळाले आणि मार्च २०२६ मध्ये ४६ टक्क्यांचं एकत्रित प्रमाणपत्र आलं.

३१ मार्चच्या आत

प्रमाणपत्र वेळेत मिळणं महत्त्वाचं होतं, त्याचं कारण उत्पन्नाचा दाखला. वहिनींकडचा दाखला २०२४-२५ च्या उत्पन्नाचा होता, ४८ हजारांचा, खरा, आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध. त्या तारखेनंतर नवा काढावा लागला असता आणि त्यात ५८,५०० लिहावे लागले असते. निराधार योजनेचा नवा अर्ज ४६ टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि जुना दाखला जोडून मुदतीच्या आत दाखल केला. पोच घेतली, तिच्यावर शिक्का आणि तारीख बघून घेतली. आपलं म्हणणं मांडायची वेळ आली तर पोचच कामाला येते. मधल्या थांबलेल्या महिन्यांच्या रकमेची मागणी वेगळ्या अर्जात केली आहे. ती मिळेलच असं वहिनींना सांगितलेलं नाही.

बेस्ट आणि एसटीचे पास पुन्हा काढायला हरकत नाही, ते टक्क्यांवर आहेत. रेल्वेसाठी सोबत्याचा शेरा नव्याने घ्यावा लागेल, आणि दादा आता काठीशिवाय चार पायऱ्या उतरतात हे लक्षात घेता तो मिळेलच असं नाही.

खरा पेच पुढच्या पडताळणीत आहे. मंजुरी मिळाली तरी दरवर्षी उत्पन्न आणि हयात दोन्ही दाखवावं लागतं, आणि तेव्हा २०२५-२६ चे ५८,५०० समोर येतील. ते खरेच सांगायचे, यावर दोघंही ठाम आहेत. दादांनी तर दोनदा “खरं, खरं” म्हटलं. मग पगार पुन्हा थांबेल. तोवर दुसरं घर ठेवायचं की सोडायचं?

वहिनींनी कागदावर मांडून बघितलं. पगार मिळून एकच घर ठेवलं तर चार, अडीच आणि दीड असे आठ हजार, वर दहा किलो धान्य. दोन घरं ठेवून पगार नसेल तर साडेसात आणि दीड असे नऊ हजार, धान्याची खात्री नाही आणि दादा दुपारी एकटे. दुसरं घर सोडलं आणि पगारही नाही मिळाला तर साडेपाच हजार. वर्षभर एकाच घराचं काम केलं तर पन्नास हजारांच्या मर्यादेत दोनच हजारांची जागा उरते, म्हणजे दुसऱ्या घराचं एका महिन्याचं काम सुद्धा त्यात मावत नाही. ‘थोडे दिवस ठेवून मग सोडते’ हा मधला मार्ग नियमांनी शिल्लकच ठेवलेला नाही.

त्यांनी आत्ता तरी दुसरं घर सोडलेलं नाही. बचत गटाचे पाच हप्ते बाकी आहेत, ते फिटेपर्यंत काम चालू ठेवायचं आणि पगाराची मंजुरी आली तर त्या वेळी पुन्हा बसून ठरवायचं, असं दोघांनी ठरवलंय. शेजारची एक मुलगी दुपारी दादांकडे लक्ष ठेवते, तिला वहिनी महिन्याला पाचशे देतात. अर्ज तहसील कार्यालयात समितीपुढे जायचा आहे. नव्या पिवळ्या कार्डाची मुदत मार्च २०३१ पर्यंत आहे, आणि या वेळी वहिनींनी ती तारीख कार्डाच्या मागे पेनाने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवली आहे.